हिराबागेतली पंगत : दुसरा बाजीराव पेशवा

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, बाजीराव म्हटलं की मुलांच्या डोळ्यांसमोर घोड्यावरचा पहिला बाजीराव येतो. आज त्याच्या नातवाची गोष्ट सांगते. पुस्तकात याच्या वाट्याला दोन-तीन ओळी येतात आणि त्यात तो पळपुटा म्हणून संपतो. मला विचाराल तर या माणसाला ओळखायचं असेल तर त्याने घातलेली एक पंगत बघा.

दुसऱ्या बाजीरावाचा जन्म १० जानेवारी १७७५ चा, धारच्या किल्ल्यातला. वडील रघुनाथराव पेशवेपदाच्या भांडणात हरलेले, त्यामुळे मुलाचं लहानपण नाना फडणवीसांच्या पहाऱ्यात गेलं. लहानपणापासून ज्याच्यावर सतत कुणाची तरी नजर, तो मोठेपणी कुणावर भरवसा कसा ठेवणार? १७९६ मध्ये तो पेशवा झाला. १८०२ च्या ऑक्टोबरात हडपसरजवळ यशवंतराव होळकरांनी पेशवे आणि शिंदे यांच्या फौजेचा पराभव केला. बाजीराव पुण्यातून निघाला तो वसईला गेला, आणि ३१ डिसेंबरला इंग्रजांशी तह करून बसला. मे १८०३ मध्ये इंग्रजी फौजेनेच त्याला परत गादीवर बसवलं.

आता हिराबाग. पर्वतीच्या पायथ्याशी आंबील ओढा अडवून नानासाहेब पेशव्यांनी तलाव केला होता, त्याच्या काठावर ही बाग. पाणी, आंब्याची झाडं, समोर पर्वतीचं देऊळ. १८०४ मध्ये लॉर्ड व्हॅलेन्शिया नावाचा इंग्रज उमराव पुण्यात आला, तेव्हा पेशव्याने त्याला इथे मेजवानी दिली. पांढरी चादर अंथरून जमिनीवरच पंगत. केळीच्या पानावर साधा भात, गोड भात, पापडासारखे पातळ पदार्थ, कितीतरी भाज्या, आणि पानाच्याच द्रोणांत खीर न् तूप. आपल्या वाशिमकडच्या मुलांना पंगत समजावून सांगावी लागत नाही, ती लगेच विचारतील, पाहुणे मांडी घालून बसले कसे? त्यांनी काटे-चमचे मात्र बरोबर आणले होते! त्या काळच्या सोवळ्यात यजमानाने परक्यांच्या पंगतीला जेवायचं नसतं. म्हणजे ज्यांच्या जोरावर गादी टिकली, त्यांना वाढायचं, पण त्यांच्याबरोबर घास घ्यायचा नाही.

आणि बागेबाहेर? त्याच सुमारास दख्खनमध्ये भयंकर दुष्काळ होता. पाऊस गेला होता, आणि जे उगवलं ते फौजांनी आणि पेंढाऱ्यांनी उभंच्या उभं नेलं होतं. याच पाहुण्याने मुंबईहून घाट चढून येताना वाटेत भुकेने मेलेली माणसं पाहिली, आणि आपल्या प्रवासवर्णनात ती लिहूनही ठेवली. एकाच प्रवासवर्णनात ती प्रेतं आहेत आणि ही पंगतही आहे. वर्गात हे सांगाल तेव्हा दोन्ही सांगा, नुसती पक्वान्नं नको. बाजीरावाची अन्नदानाची हौस खरी होती, दक्षिणाही तो सढळ हाताने वाटायचा. पण दान म्हणजे राज्यकारभार नव्हे, एवढं सातवीचं पोरही समजू शकतं.

पुढचं थोडक्यात सांगते. नोव्हेंबर १८१७ मध्ये खडकीला लढाई हरली आणि तो पुन्हा निघाला. फेब्रुवारी १८१८ मध्ये आष्टीला बापू गोखले पडले. या धावपळीत तो आपल्या वऱ्हाडातही आला होता. एप्रिलमध्ये पांढरकवड्याच्या बाजूला इंग्रजांनी त्याला गाठलं, म्हणजे आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात. जूनमध्ये असीरगडाजवळ त्याने माल्कमपुढे शरणागती पत्करली.

वर्षाला आठ लाखांची पेन्शन ठरली आणि कानपूरजवळ गंगाकाठी बिठूरला राहायचं ठरलं. तिथे तो तेहतीस वर्षांच्या आसपास जगला, म्हणजे पुण्याच्या गादीवर होता त्याहून जास्त. पुण्याहून मागोमाग गेलेल्या कितीतरी मराठी कुटुंबांच्या चुली त्याच्या आधाराने पेटत. मोरोपंत तांबेही त्याच्या आश्रयाला होते, आणि त्यांची मुलगी मनकर्णिका, म्हणजे पुढची झाशीची राणी, तिथेच वाढली. २८ जानेवारी १८५१ ला बाजीराव वारला. दत्तक मुलगा नानासाहेब याला कंपनीने पेन्शन द्यायला नकार दिला. घरात खाणारी तोंडं तेवढीच होती. सहा वर्षांनी याच नानासाहेबांनी कानपूरला उठावाचं नेतृत्व केलं.

तो तलाव आता नाही. सहलीला पुण्याला गेलात तर सारसबागेच्या गणपतीला जाताना मुलांना सांगा, हे देऊळ तेव्हा पाण्यात होतं, आणि जवळच हिराबाग होती.