बापूंचे नियम, बापूंची मुले

मुलाची गूळ खाण्याची सवय सुटावी म्हणून एक आई त्याला साधुपुरुषाकडे घेऊन जाते. साधू तिला काही दिवसांनी यायला सांगतो, कारण तोवर त्याने स्वतःच गूळ सोडलेला नसतो. ही गोष्ट अनेक संतांच्या नावावर सांगितली जाते आणि महात्मा गांधींच्याही. ती घडल्याचा पुरावा नाही. पण ती गांधीजींना चिकटली, यात नवल नाही. आपण पाळत नाही तो नियम मुलांवर लादायचा नाही, हे व्रत त्यांनी आयुष्यभर सांभाळले.

१९१० मध्ये जोहान्सबर्गजवळ हर्मन कॅलनबाख यांच्या सुमारे ११०० एकर जमिनीवर टॉलस्टॉय फार्म उभा राहिला. सत्याग्रहींची कुटुंबे तेथे एकत्र राहत. नोकरचाकर नव्हते. खड्डे खणणे, झाडे तोडणे, स्वयंपाक, सफाई अशी सारी कामे मुलेही करीत. मात्र शिक्षक जे करणार नाहीत ते मुलांना सांगायचे नाही, असा तेथला दंडक होता. त्यामुळे मुलांच्या प्रत्येक कामात एक शिक्षक बरोबरीने राबत असे. पुढे १९१३ मध्ये फिनिक्स आश्रमातील दोघांच्या हातून नैतिक प्रमाद घडला, तेव्हा गांधीजींनी प्रायश्चित्त स्वतः घेतले. सात दिवस उपवास केला आणि त्यानंतर साडेचार महिने ते एकभुक्त राहिले. मुलांच्या चुकीत पालकाचाही वाटा असतो, ही त्यांची धारणा होती.

इतका काटेकोर न्याय असलेल्या घरातला थोरला मुलगा मात्र घर सोडून गेला.

हरिलाल यांचा जन्म १८८८ चा. त्याच वर्षी तान्ह्या मुलाला मागे ठेवून गांधीजी विलायतेला गेले आणि १८९१ मध्ये बॅरिस्टर होऊन परतले. पुढे दक्षिण आफ्रिकेत त्यांची शिक्षणाविषयीची मते बदलली. पदव्यांचे शिक्षण माणसाला गुलाम करते, चारित्र्य घडवते ते खरे शिक्षण, असे त्यांना वाटू लागले. चारही मुलांना त्यांनी रूढ शाळांपासून दूर ठेवले. हरिलाल यांना वडिलांसारखे बॅरिस्टर व्हायचे होते. गांधीजींचे स्नेही डॉ. प्राणजीवन मेहता यांनी एका मुलाच्या विलायतेतील शिक्षणाचा खर्च देऊ केला, तेव्हा ती संधी आपल्या मुलाला देणे हा पक्षपात ठरेल, असे मानून गांधीजींनी पुतण्या छगनलाल यांची निवड केली. छगनलाल आजारपणामुळे परतले. तरीही पुढची निवड सोराबजी अडाजनिया यांची झाली.

हरिलाल कच्चे नव्हते. ट्रान्सवालच्या सत्याग्रहात त्यांनी वारंवार तुरुंगवास भोगला होता. लोक त्यांना धाकटे गांधी म्हणत. १९११ मध्ये ते शिक्षणासाठी वडिलांपासून वेगळे झाले आणि भारतात आले, पण मॅट्रिकची पायरी त्यांना ओलांडता आली नाही. १९१५ मध्ये त्यांनी वडिलांना लिहिलेले दीर्घ पत्र छापले. मुलांची मते कधी ऐकूनच घेतली गेली नाहीत, हे त्या पत्रातले मुख्य गाऱ्हाणे होते.

गांधीजींच्या न्यायातील उणीव येथे दिसते. वडील आणि मुलगा, दोघांना नियम एकच होता. फरक होता तो त्या नियमापर्यंत पोहोचण्याच्या वाटेत. गांधीजींनी विलायत पाहिली, पदवी मिळविली, वकिलीत पैसा कमावला आणि मग त्याचा मोह सोडला. मुलांना मात्र न मिळालेल्याच गोष्टीचा त्याग करायचा होता. १९०६ मध्ये, वयाच्या सदतिसाव्या वर्षाच्या सुमारास, गांधीजींनी ब्रह्मचर्याचे व्रत घेतले. तेव्हा ते चार मुलांचे वडील होते. त्यांचे स्वतःचे लग्न तेराव्या वर्षी झाले होते, तर दुसरे चिरंजीव मणिलाल यांचा विवाह अकोल्यात १९२७ मध्ये झाला तेव्हा त्यांनी पस्तिशी गाठत आणली होती.

हरिलाल यांची पुढची कथा दुःखद आहे. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत पत्नी गेली. व्यापार बुडाला. मद्याचे व्यसन जडले. १९३६ मध्ये त्यांनी धर्मांतर केले आणि काही महिन्यांतच ते परत फिरले. फेब्रुवारी १९४४ मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये अखेरचे दिवस मोजणाऱ्या कस्तुरबांना ते भेटले, तेही नशेत. १८ जून १९४८ रोजी, वडिलांच्या हत्येनंतर पाच महिन्यांच्या आत, मुंबईत शिवडीच्या क्षयरोग रुग्णालयात त्यांचे निधन झाले. अजित दळवी यांच्या ‘गांधी विरुद्ध गांधी’ या नाटकामुळे हा संघर्ष मराठी प्रेक्षकांना परिचित आहे.

धाकटे देवदास यांच्या वाट्याला वेगळा अनुभव आला. राजाजींची कन्या लक्ष्मी यांच्याशी त्यांना विवाह करायचा होता. दोन्ही वडिलांनी पाच वर्षे थांबण्याची अट घातली. दोघे थांबले, आणि १९३३ च्या जूनमध्ये पुण्यात पर्णकुटीत त्यांचा विवाह झाला. आंतरजातीय विवाह तेव्हा धाडसाचा होता. अट कठोर होती, पण तिच्यात मुलांच्या इच्छेला जागा होती, आणि अट पुरी झाल्यावर वडिलांनी शब्द पाळला.

मुलांना दूरचित्रवाणी बंद करायला सांगून स्वतः तिच्यासमोर बसणाऱ्या पालकांनी टॉलस्टॉय फार्मवरचा दंडक जरूर गिरवावा. त्याखेरीज मुलांना नियम घालून देणे हा ढोंगीपणाच होय. पण केवळ आपण पाळतो म्हणून नियम न्याय्य ठरत नाही, हे हरिलाल यांचे आयुष्य सांगते. आपल्याला तो नियम पटायला किती वर्षे लागली, तोवर आपण काय काय उपभोगले, याचाही हिशेब पालकांनी मांडायला हवा. आणि मुलांचे म्हणणे ऐकून घेणे, हाही पालकांनी पाळायचाच एक नियम आहे.