पन्हाळ्याहून बारामतीस : कविवर्य मोरोपंतांचे स्थलांतर आणि त्यांचे जीवन

दिवाळी सरली की बारामती आणि इंदापूर तालुक्यांत ऊसतोडणीचा हंगाम सुरू होतो. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर येथील साखर कारखान्यांच्या परिसरात बीड आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतून आलेल्या कुटुंबांच्या कोप्या उभ्या राहतात. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत परप्रांतांतून आलेले तरुण एकेका खोलीत चौघे-पाच जण मिळून राहतात. या सर्वांचे प्रश्न एकच आहेत : काम मिळेल का, निवारा कुठे मिळेल आणि इथले लोक आपल्याला आपले म्हणतील का?

वाचकहो, सुमारे पावणेतीनशे वर्षांपूर्वी अशाच प्रश्नांसह एक चोविशीचा तरुण परमुलखातून बारामतीत आला होता. आज बारामतीचा पूर्वेतिहास सांगताना त्याचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. तो तरुण म्हणजे मोरेश्वर रामजी पराडकर, अर्थात कविवर्य मोरोपंत. पंडित कवी म्हणून त्यांची थोरवी आपण शाळेत वाचलेली असते. परंतु ते बारामतीत बाहेरून येऊन स्थायिक झालेले गृहस्थ होते, ही गोष्ट सहसा लक्षात येत नाही. म्हणून त्यांच्या चरित्राकडे आज या बाजूने पाहावेसे वाटते.

जन्म आणि बालपण

पराडकर घराणे मूळचे कोकणातील. राजापूर भागातील सौंदळ हे त्यांचे गाव. कोकणातील शेती तुटपुंजी, कुटुंबे मोठी. त्यामुळे लिहिता-वाचता येणाऱ्या अनेक घराण्यांनी त्या काळी घाट चढून देशावर नशीब काढले. पराडकरांचे कुटुंबही असेच पन्हाळगडास येऊन राहिले. तेथे १७२९ मध्ये रामजीपंत आणि लक्ष्मीबाई यांच्या पोटी मोरोपंतांचा जन्म झाला. म्हणजे स्थलांतर हे त्यांच्या घराण्याला नवे नव्हते.

पन्हाळा त्या वेळी करवीर राज्याची राजधानी होता. मोरोपंत दोन वर्षांचे असताना, १७३१ मध्ये, सातारचे शाहू महाराज आणि करवीरचे संभाजी महाराज यांच्यात वारणेचा तह झाला. वारणा नदी ही दोन राज्यांमधील सीमा ठरली. भाषा एक, देवधर्म एक, राजघराणेही एकाच भोसले कुळाचे. परंतु राज्ये मात्र दोन झाली. पुढे मोरोपंतांनी पन्हाळा सोडला तेव्हा त्यांनी ही सीमा ओलांडून दुसऱ्या राज्यात प्रवेश केला. आजच्या अर्थाने तो परदेश नव्हता, पण मुलूख परका होता आणि धनीही परका होता.

पन्हाळ्यावर केशव पाध्ये आणि गणेश पाध्ये या विद्वान बंधूंकडे त्यांचे अध्ययन झाले. व्याकरण, काव्य, अलंकार आणि वेदान्त यांचा पक्का पाया तेथेच घातला गेला. पुढील आयुष्यात त्यांना जी काही मानमान्यता मिळाली, ती या विद्येच्या जोरावर. जो माणूस जमीनजुमला सोबत नेऊ शकत नाही, त्याला अंगची विद्या आणि हातचे कसब हीच शिदोरी असते. मोरोपंतांजवळ ती भरपूर होती.

बारामतीस आगमन

बारामती त्या काळी बाबूजी नाईक जोशी यांच्या सत्तेखाली होती. नाईक हे मोठे सावकार. खुद्द पेशव्यांना ते कर्ज देत. त्यांचे बंधू आबाजी नाईक यांना पेशवे बाळाजी विश्वनाथ यांची कन्या भिऊबाई दिलेली होती. एवढे निकटचे नाते असूनही पेशवे आणि नाईक यांच्यात नेहमीच सलोखा राहिला असे नाही. १७४० मध्ये थोरले बाजीराव निवर्तले, तेव्हा नागपूरकर रघूजी भोसले यांनी पेशवेपदासाठी बाबूजी नाईकांचे नाव पुढे केले होते. ते पद अखेर नानासाहेबांना मिळाले. परंतु नाईकांचा दबदबा केवढा होता हे त्यावरून दिसून येते. कऱ्हा नदीच्या काठी असलेला त्यांचा भक्कम वाडा आजही बारामतीत पाहावयास मिळतो.

अशा या नाईकांच्या पदरी मोरोपंतांचे वडील रामजीपंत यांना आश्रय मिळाला आणि त्यांच्या मागोमाग १७५२ च्या सुमारास मोरोपंतही बारामतीस आले. आधी घरातील एकाने जावे, त्याचा जम बसावा आणि मग बाकीच्यांनी यावे, ही स्थलांतराची जगभरची रीत आहे. आजही मराठवाड्यातून पुण्याला येणारा मजूर असो की केरळातून आखातात जाणारा कारागीर असो, आधी गेलेल्या आप्ताच्या आधारानेच तो पहिले पाऊल टाकतो.

पन्हाळा ते बारामती हे अंतर दोनशे किलोमीटरांहून अधिक आहे. त्या काळी पायी, तट्टावरून किंवा बैलगाडीने, वाटेत कृष्णा आणि नीरा या नद्या ओलांडून हा प्रवास करावा लागे. प्रवासाच्या शेवटी जो मुलूख दिसला असेल, तो पन्हाळ्यापेक्षा अगदीच वेगळा होता. तिकडे तांबडा जांभा दगड आणि दाट हिरवळ. इकडे काळी माती आणि उघडे माळ. तिकडे आठवडेच्या आठवडे कोसळणारा पाऊस. इकडे आभाळाकडे डोळे लावून बसणारी माणसे. आज बारामती-इंदापूर म्हटले की ऊस आठवतो, पण हा पालट एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नीरेचा डावा कालवा आल्यानंतरचा. मोरोपंत आले तेव्हा हा ज्वारी-बाजरीचा, अवर्षणाची धास्ती बाळगणारा प्रदेश होता. पराडकरांच्या कोकणातल्या पूर्वजांचे भाताचे ताट इथे भाकरीचे होणे क्रमप्राप्तच होते.

काम, निवारा आणि दिनक्रम

मोरोपंतांना नाईकांकडे पुराणिकाचे काम मिळाले. पुराणिक म्हणजे काय, हे आजच्या तरुण वाचकांसाठी थोडे सांगितले पाहिजे. पुराणिक व्यासपीठावर बसून महाभारत, भागवत किंवा रामायण यांची पोथी उघडतो, मूळ संस्कृत श्लोक म्हणतो आणि त्याचा अर्थ मराठीत समजावून देतो. श्रोत्यांत धनी असतो, तसेच घरातील स्त्रिया, वृद्ध, कारकून आणि सेवकही असतात. शास्त्र्यांचे लक्ष उच्चाराकडे, तर घरातील आजीबाईचे लक्ष कथेकडे. दोघांचेही समाधान करणे हे पुराणिकाचे कौशल्य. चातुर्मासात तर हे काम नित्याचे असे.

अशा नोकरीत आजच्यासारखा करार नसे. आश्रिताला राहण्याची सोय, शिधा, वस्त्रे आणि वर्षाचे काही वेतन मिळत असे. सणासुदीला दक्षिणा मिळे. हे सर्व धन्याच्या मर्जीवर अवलंबून असे. धन्याचे दिवस फिरले तर आश्रिताचेही फिरत. पुढे नाईकांच्या वैभवाला उतरती कळा लागली. पेशव्यांशी त्यांचे संबंध ताणले गेले. अशा घराच्या आधाराने संसार करणाऱ्या माणसाला पुढच्या वर्षाची शाश्वती कशी वाटावी? मोरोपंत कऱ्हाडे ब्राह्मण आणि नाईक चित्पावन. त्या काळी या दोन जातींमध्ये बेटीव्यवहार होत नसे. त्यामुळे बारामतीतील ज्या घराने त्यांना आश्रय दिला, त्या घराशी सोयरिकीचा मार्ग मोकळा नव्हता. आपली जागा त्यांना केवळ गुणांनीच मिळवायची होती.

ती त्यांनी कशी मिळवली, हे त्यांच्या दिनक्रमावरून कळते. पुराण सांगणे हे पोटाचे काम, तर काव्य रचणे हा जिवाचा ध्यास. परंतु मोरोपंतांनी या दोहोंत भिंत घातली नाही. जे संस्कृतातून वाचून दाखवायचे, तेच मराठीतून रचून लोकांच्या हाती द्यावे, असे त्यांनी ठरवले आणि चार तपांच्या आसपास हे काम नेटाने केले. महाभारताची अठराही पर्वे त्यांनी आर्या वृत्तात मराठीत आणली. कृष्णविजय, मंत्रभागवत, हरिवंश असे मोठे ग्रंथ रचले. रामकथा तर त्यांनी निरनिराळ्या रचनांतून इतक्या वेळा सांगितली की परंपरेने त्यांच्या रामायणांची संख्या १०८ मानली जाते. त्यांपैकी निरोष्ठ रामायणात ओठ मिटून उच्चारावे लागणारे एकही अक्षर त्यांनी येऊ दिलेले नाही. त्यांची एकूण कविता सुमारे पाऊण लाख भरते.

हे सर्व राजधानीत नव्हे, तर कऱ्हाकाठच्या एका लहान गावी घडले. पुण्यात पेशव्यांची श्रावणमासाची दक्षिणा होती, दूरदूरचे विद्वान तिकडे धाव घेत. मोरोपंतांनी मात्र आपले बिऱ्हाड बारामतीतच ठेवले. त्यांच्या बारामतीतील वास्तव्यात पुण्याच्या गादीवर पाच पेशवे आले. १७६१ मध्ये पानिपत झाले, १७६३ मध्ये निजामाच्या फौजेने पुणे लुटले, नारायणरावांचा खून झाला, इंग्रजांशी युद्ध झाले. या साऱ्या धामधुमीत बारामतीच्या या गृहस्थाची लेखणी थांबली नाही. उतारवयात ते काशीयात्रेला गेले. त्या काळी काशीस देह ठेवावा ही अनेकांची इच्छा असे. मोरोपंत मात्र यात्रा करून बारामतीस परतले. ज्या गावी ते एके काळी परके म्हणून आले होते, ते आता त्यांचे घर झाले होते.

लोकांचा कवी

मोरोपंतांची भाषा संस्कृतप्रचुर आहे, यमकांचा सोस अधिक आहे, असा आक्षेप त्यांच्यावर घेतला जातो आणि तो सर्वस्वी खोटा नाही. तरीही त्यांच्या आर्या पंडितांच्या घरांत अडकून पडल्या नाहीत. कीर्तनकारांनी त्या गावोगाव नेल्या. सोलापूरचे राम जोशी हे लावणीकार शाहीर. त्यांची मोरोपंतांशी भेट झाली आणि पंतांच्या उपदेशाने ते तमाशाच्या फडातून कीर्तनाकडे वळले, असे परंपरा सांगते. पुढे राम जोश्यांनी पंतांच्या आर्या आपल्या कीर्तनांतून अफाट लोकप्रिय केल्या. दोघांच्या वाटा किती भिन्न! तरीही एका पुराणिकाने एका शाहिराला दूर लोटले नाही. जो स्वतः कधीतरी दाराबाहेर उभा राहिलेला असतो, त्याला दार उघडण्याचे मोल कळते.

आयुष्याच्या अखेरच्या काळातील केकावली हे त्यांचे आत्मनिवेदनपर काव्य. केका म्हणजे मोराचा टाहो. मयूर या आपल्या नावाचा आधार घेऊन त्यांनी पृथ्वी वृत्तात ईश्वराला आर्तपणे हाक मारली. आयुष्यभर दुसऱ्याच्या आश्रयाला राहिलेल्या माणसाने अखेर ईश्वराच्याच आश्रयाची याचना केली, हे मनाला स्पर्शून जाते.

१५ एप्रिल १७९४ रोजी, चैत्री पौर्णिमेला, मोरोपंतांनी बारामतीतच देह ठेवला. तेथे त्यांनी सुमारे बेचाळीस वर्षे व्यतीत केली. १८५४ मध्ये परशुरामतात्या गोडबोले यांचा नवनीत हा काव्यसंग्रह प्रसिद्ध झाला आणि त्यातून मोरोपंतांची कविता शाळाशाळांत पोहोचली. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी निबंधमालेतून त्यांच्या काव्याची बाजू हिरिरीने मांडली. पुढे ल. रा. पांगारकरांनी त्यांचे विस्तृत चरित्र लिहिले.

आपल्यासाठी बोध

या चरित्रातून आपण काय घ्यावे? मोरोपंतांचे श्रम आणि त्यांची निष्ठा वंदनीय आहेच. परंतु त्यासोबत बारामतीकरांनी त्यांना काय दिले, हेही पाहिले पाहिजे. एका दूरच्या तरुणाला त्यांनी तीन गोष्टी दिल्या : त्याच्या विद्येला साजेसे काम, डोक्यावर छप्पर आणि ऐकून घेणारे कान. पहिल्या दोन गोष्टींनी माणूस तगतो. तिसरीने तो गावाचा होतो. श्रोते नसते, तर मोरोपंत नाईकांचे एक आश्रित म्हणूनच विस्मृतीत गेले असते.

अर्थात, एक भेद आपण प्रामाणिकपणे मान्य केला पाहिजे. मोरोपंत विद्यावान होते, उच्चवर्णीय होते. त्यांना वाड्याचा दरवाजा उघडला गेला. त्या काळी हातांनी राबणाऱ्या किती जणांसाठी तो उघडला असता? आणि आज कोपीत राहणाऱ्या तोडणी कामगाराला आपण पाणी, दिवाबत्ती आणि त्याच्या मुलांना शाळेचा बाक तरी मिळवून देतो का? पहाटेच्या अंधारात कोयता घेऊन फडात शिरणाऱ्या मातेचे नाव आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक असते? कारखान्याचा पट्टा पडतो, कोप्या मोडल्या जातात आणि ती कुटुंबे आली तशी निघून जातात. सहा महिने आपल्या शेजारी राहिलेल्या त्या माणसांना आपण एकदा तरी ऐकलेले असते का?

कऱ्हेचे पाणी बारामतीवरून पुढे नीरेला मिळते, नीरा इंदापूर तालुक्यात नरसिंहपूरजवळ भीमेला मिळते. कोणते पाणी मूळचे कुठले, हे संगमानंतर कोणी विचारत नाही. माणसांच्या बाबतीत मात्र आपण ते पिढ्यान्‌पिढ्या विचारत राहतो. या हंगामात आपल्या गावशिवारात आलेल्या एखाद्या कुटुंबाची आस्थेने विचारपूस करावी, त्यांच्या लेकरांना जवळच्या शाळेची वाट दाखवावी, त्यांच्या गावची हकीकत दोन घटका बसून ऐकावी. मोरोपंतांना आपले म्हणणाऱ्या गावाला हे अवघड वाटू नये.