तुटलेल्या दाताला जोड देणारा संशोधक

पडल्यामुळे किंवा चेंडू लागून पुढच्या दाताचा कोपरा तुटला, तर दंतवैद्य दाताच्याच रंगाच्या मिश्रणाने तो एका बैठकीत पूर्ववत करू शकतात. या उपचाराचा पाया अमेरिकी संशोधक डॉ. मायकेल बुओनोकोरे यांनी घातला.

बुओनोकोरे यांचा जन्म १९१८ चा. न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथील ईस्टमन दंत संस्थेत ते संशोधन करीत. त्या काळी पुढच्या दातांसाठी प्रामुख्याने सिलिकेट सिमेंट वापरले जाई. ते दिसायला दातासारखे असले, तरी लाळेत हळूहळू विरघळे. नंतर आलेले ॲक्रिलिक घट्ट होताना आकसे आणि कडेला फट पडे. यांपैकी काहीच दाताला धड चिकटत नसे. त्यामुळे भरण अडकवून ठेवण्यासाठी दाताचा निरोगी भागही कोरावा लागे.

धातूवर रंग पक्का बसावा म्हणून कारखान्यांत त्यावर आधी फॉस्फोरिक आम्लाची प्रक्रिया केली जाई. हीच युक्ती दातावर का चालू नये, असा विचार बुओनोकोरे यांनी केला. दंतवैद्यांना हे आम्ल परके नव्हते. जुन्या सिमेंटच्या द्रवात ते असेच. त्यांनी ८५ टक्के तीव्रतेचे आम्ल दाताच्या कवचावर ३० सेकंद लावून धुतले व त्यावर ॲक्रिलिक बसविले. आम्लामुळे कवचावर सूक्ष्म छिद्रे पडतात, त्यांत द्रव मिश्रण शिरते आणि तेथेच घट्ट होते. प्रक्रिया न केलेल्या दातांवरचे ॲक्रिलिक लवकर निखळले. प्रक्रिया केलेल्यांवरचे कितीतरी अधिक काळ टिकले. हे निष्कर्ष १९५५ मध्ये प्रसिद्ध झाले.

दातावर मुद्दाम आम्ल लावण्याची कल्पना अनेकांच्या पचनी पडली नाही आणि ही पद्धत रूढ होण्यास बरीच वर्षे जावी लागली. १९६२ मध्ये डॉ. राफेल बोवेन यांना सिलिकायुक्त रेझिनचे पेटंट मिळाले. आम्लप्रक्रियेला अशा टिकाऊ मिश्रणाची जोड लाभल्यावर चित्र बदलले. बुओनोकोरे यांनी पुढे लहान मुलांच्या दाढांतील खाचा बुजवून कीड रोखण्याकडे लक्ष वळविले. १९७० मध्ये त्यांनी अतिनील किरणांनी घट्ट होणाऱ्या लेपाचे निष्कर्ष मांडले.

१९८१ मध्ये त्यांचे निधन झाले. आज आम्लाची तीव्रता साधारण ३७ टक्क्यांपर्यंत खाली आली आहे, पद्धत मात्र मूलतः तीच आहे. कोपरा तुटलेला दात वाचविण्यासाठी तो आणखी कोरण्याची गरज आता बहुतेकदा उरलेली नाही.