कच्च्या रस्त्याचा माणूस : कैलाशचंद्र महिंद्रा

खामगाव, चिखली, मेहकर, कुठल्याही बस स्टँडबाहेर दहा मिनिटं उभं राहा. एक तरी जीप दिसणारच. नव्या-जुन्या, कधी टपावर माणसं बसवलेल्या, कधी मागे खताची पोती भरलेल्या. त्या जीपवर एक नाव लिहिलेलं असतं आणि ते आपण लहानपणापासून वाचत आलो आहोत. पण ते नाव एका माणसाचं आहे, खरं तर दोन भावांचं आहे, हे किती जणांच्या लक्षात येतं? हेन्री फोर्डची गोष्ट आपल्याला तोंडपाठ असते. आपल्या पांदण रस्त्यांवर चालणारी गाडी ज्याने या देशात आणायचं ठरवलं, त्याची गोष्ट मात्र आपल्या सिलॅबसमध्ये कुठेच नाही. म्हणून मी ती इथे लिहायला घेतली.

कैलाशचंद्र महिंद्रा यांचा जन्म १८९४ सालचा, पंजाबातल्या लुधियानाचा. घरात नऊ भावंडं. वडील लवकर गेले आणि घराचा भार सगळ्यात मोठे भाऊ जगदीशचंद्र यांच्यावर आला. जगदीशचंद्रांनी एक गोष्ट मनाशी पक्की धरली होती, की काहीही होवो, भावंडांचं शिक्षण थांबायला नको. स्वतः ते शिकले मुंबईच्या व्ही.जे.टी.आय.मध्ये. म्हणजे आपल्याच जातीचे, इंजिनिअरिंगचे विद्यार्थी! पुढे १९२९ ते १९४० ते टाटा स्टीलमध्ये विक्री विभागात मोठ्या पदावर होते आणि महायुद्धाच्या काळात सरकारने त्यांना देशाचे पहिले स्टील कंट्रोलर नेमलं.

धाकटे कैलाशचंद्र लाहोरच्या गव्हर्नमेंट कॉलेजात शिकले आणि तिथून थेट केंब्रिजला गेले. अभ्यासात तर हुशार होतेच, पण हॉकी आणि बोट वल्हवण्यातही पुढे. परत आल्यावर त्यांनी कलकत्त्याच्या मार्टिन कंपनीत नोकरी धरली. व्हिक्टोरिया मेमोरियलची इमारत बांधणारी हीच ती कंपनी. तिथे त्यांना सर राजेंद्रनाथ मुखर्जी यांच्यासारखा माणूस जवळून पाहायला मिळाला. मुखर्जी हे त्या काळातले मोठे भारतीय इंजिनिअर-उद्योजक. कैलाशचंद्रांनी त्यांचं चरित्र लिहिलं आणि ते १९३३ साली प्रसिद्ध झालं. मला हे वाचून फार गंमत वाटली. ज्याच्यावर मी लिहिते आहे, त्याने स्वतः आधी दुसऱ्या एका इंजिनिअरवर लिहिलं होतं.

दुसऱ्या महायुद्धात कैलाशचंद्रांना अमेरिकेत पाठवण्यात आलं, इंडिया सप्लाय मिशनचे प्रमुख म्हणून. आणि तिथे त्यांची गाठ पडली जीपशी.

जीपची जन्मकथा कुठल्याही मेकॅनिकलवाल्याला हेवा वाटावा अशी आहे. १९४० च्या जुलैत अमेरिकन लष्कराने १३५ कंपन्यांना एक हलकी, चारही चाकांना ताकद देणारी गाडी बनवून मागितली आणि पहिल्या नमुन्यासाठी मुदत दिली फक्त ४९ दिवस! बँटम नावाच्या छोट्याशा कंपनीने कार्ल प्रॉब्स्ट या इंजिनिअरकडून आराखडा करून घेतला आणि २३ सप्टेंबरला गाडी हजर केली. पुढे विलिज कंपनीचं डिझाइन पसंत पडलं, कारण तिचं इंजिन जोरदार होतं, ६० हॉर्सपॉवरचं. ते घडवणारा इंजिनिअर म्हणजे बार्नी रूस. युद्ध संपेपर्यंत विलिज आणि फोर्ड मिळून सहा लाखांवर जीप बनल्या. अमेरिकेत कैलाशचंद्रांची बार्नी रूसशी भेट झाली. इतरांना जीपमध्ये लष्कराची गाडी दिसत होती, कैलाशचंद्रांना तिच्यात हिंदुस्थानातल्या खेड्याची गाडी दिसली. माझ्या मते या माणसाचं मोठेपण एवढ्या एका नजरेत आहे.

२ ऑक्टोबर १९४५ ला दोघा भावांनी मलिक गुलाम मोहम्मद यांच्याबरोबर कंपनी काढली. नाव, महिंद्रा अँड मोहम्मद. धंदा पोलादाचा. दोन वर्षांत फाळणी झाली. गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले आणि १९५१ मध्ये गव्हर्नर जनरलसुद्धा. मागे राहिलेल्या दोन भावांचं लुधियाना सीमेच्या अलीकडे, तर कैलाशचंद्रांचं लाहोरचं कॉलेज पलीकडे. १९४८ साली कंपनीचं नाव बदलून महिंद्रा अँड महिंद्रा झालं. अशा वेळी हात-पाय गाळून बसले असते तर कोणी दोष दिला नसता. पण त्यांनी जीपचं काम हाती घेतलं. १९४९ मध्ये सुट्ट्या भागांच्या रूपात ७५ गाड्या अमेरिकेहून आल्या आणि मुंबईला माझगावात त्या जोडण्यात आल्या. १९५१ मध्ये जगदीशचंद्र गेले. कंपनीची सूत्रं १९४८ पासूनच कैलाशचंद्रांकडे होती. १९५४ पासून विलिजच्याच सहकार्याने जीप इथे टप्प्याटप्प्याने बनवायचा कार्यक्रम सुरू झाला.

आता ब्रँचचा अभिमान थोडा बाजूला ठेवून सिव्हिल, कॉम्प्युटरवाल्यांनाही समजेल असं सांगते, की या गाडीत एवढं काय होतं.

गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला जास्त अंतर जावं लागतं, आतल्याला कमी. दोन्ही चाकं एकाच दांड्याला घट्ट जोडली तर एक तरी घासणार. म्हणून मध्ये डिफरन्शियल असतं. व्हायवात निम्मे जण इथेच अडकतात : साधं डिफरन्शियल दोन चाकांना वेग वेगवेगळा घेऊ देतं, टॉर्क मात्र सारखाच देतं. यातच त्याचा घात आहे. एक चाक चिखलात गरागरा फिरायला लागलं की त्याला फिरवायला टॉर्क लागतो नावापुरता. मग कोरड्या जमिनीवरच्या दुसऱ्या चाकालाही तेवढाच मिळतो. एक नाचतं, दुसरं ढिम्म.

जीपमध्ये गिअरच्या दांड्याशेजारी आणखी दोन छोटे दांडे असायचे. एकाने पुढचा एक्सल जोडायचा, दुसऱ्याने हाय किंवा लो निवडायचं. लोमध्ये वेग साधारण निम्म्यावर येतो आणि चाकांवरचा टॉर्क त्याच हिशोबाने वाढतो. पण पुढच्या आणि मागच्या एक्सलच्या मध्ये तिला डिफरन्शियल नव्हतं. फोर व्हील टाकलं की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना घट्ट बांधले गेले. वळताना पुढची चाकं मोठं वर्तुळ काढतात, मागची लहान. हा फरक जिरणार कुठे? माती, वाळूवर चाक थोडं घसरतं आणि फरक जिरून जातो. कोरड्या डांबरावर चाक घसरत नाही, मग शाफ्ट आणि गिअरांमध्ये पीळ भरत जातो. स्टिअरिंग जड होतं, टायर झिजतात, दांडा सुटत नाही, कधी एखादा भाग तुटतो. म्हणजे गाडीत ताकद आहे म्हणून ती सगळीकडे वापरायची नसते. रस्ता बघून दांडा टाकायचा असतो.

आणि रस्ते बघायचे तर आपला बुलढाणा जिल्हा म्हणजे एक चालती-बोलती लॅब आहे. घाटावर आणि घाटाखाली, दोन जगं. समृद्धी महामार्गाचं काँक्रीट असो की शेगावचा डांबरी रस्ता, कोरड्यात टू व्हील ड्राइव्हच, दुसरा विचार नको. राजूर घाटात किंवा बोथ्याच्या घाटात पावसाने दरडीची माती, मुरूम रस्त्यावर पसरला असेल तर तेवढ्या पट्ट्यापुरतं फोर हाय, आणि डांबर लागलं की काढून टाकायचं. पूर्णेच्या पात्रातल्या वाळूत टायरची हवा थोडी कमी करायची, म्हणजे टायर पसरतो आणि रुततो कमी. मग फोर व्हील टाकून एका लयीत जायचं, मध्ये थांबायचं नाही. सातपुड्याकडे, जळगाव जामोद-संग्रामपूरच्या वरच्या भागात दगड-धोंड्यांची वाट असते. तिथे फोर लो, पहिला गिअर आणि बैलाची चाल. निसरडा उतार उतरताना पण लो आणि पहिला गिअर. इंजिनच गाडी धरून ठेवतं, ब्रेकवर नाचावं लागत नाही.

सगळ्यात अवघड पेपर म्हणजे पावसाळ्यातली काळी माती. ती टायरच्या खाचांत भरून बसते आणि नवा टायर पाच मिनिटांत टक्कल पडल्यासारखा गुळगुळीत होतो. तिथे फोर लो, पण दुसरा किंवा तिसरा गिअर. पहिल्या गिअरमध्ये चाक फक्त खड्डा खणतं.

हे मी पुस्तकातून नाही शिकले. अकरावीच्या सुट्टीत मेहकर तालुक्यात मामांकडे होते. जुलैचा पाऊस. वस्तीवरच्या एका बाईला कळा सुरू झाल्या होत्या आणि पांदणीत टोंगळ्याएवढा गारा. मामांनी त्यांची जुनी जीप काढली. अर्ध्या वाटेवर बैलगाडीच्या चाकोरीत जीप फसली. फोर व्हील टाकलेलं होतं, तरी फसली! पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक जागच्या जागी फिरत होतं, बाकीची दोन हलायला तयार नव्हती. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या मला फोर व्हील ड्राइव्ह म्हणजे चारही चाकं ओढणार एवढंच माहीत होतं. मामांनी शांतपणे समजावलं, की गाडी हुशार नाही, ती सोप्या चाकाकडे पळते. तिला ते चाक अवघड करून द्यायचं. मग त्यांनी फिरणाऱ्या दोन्ही चाकांखाली पऱ्हाटी आणि दगड दाबले, आणि थोडा गॅस देताना पायाचा ब्रेक अगदी हलका दाबून ठेवला. फिरणाऱ्या चाकाला विरोध मिळाला, तसा थांबलेल्या चाकाकडे टॉर्क गेला. दुसऱ्या दमात जीप बाहेर. बाळ-बाळंतीण दोघं सुखरूप राहिले. मामांचं शिक्षण दहावीपर्यंतचं आहे. डिफरन्शियलचा धडा मला सेकंड इयरला आला तेव्हा तो आधीच शिकवून झाला होता.

हाच इलाज कारखान्यातून येतो त्याला लॉकिंग डिफरन्शियल म्हणतात. ते लॉक झालं की एका एक्सलची दोन्ही चाकं एकत्र फिरतात. एक हवेत असलं तरी जमिनीवरचं ओढतं. विलिजच्या साध्या जीपमध्ये ही सोय नव्हती. महिंद्राच्या थार या गाडीत मागच्या एक्सलला ती २०१५ मध्ये आली. तिथे दोन चाकांच्या वेगात मोठा फरक पडला की लॉक आपोआप लागतं. ज्या गाड्यांत बटण असतं, तिथे नियम सोपा आहे : फसल्यावर नव्हे, फसण्याआधी लावायचं, चाकं सरळ ठेवून हळू जायचं आणि जागा पार झाली की काढायचं. लॉक लागलं असताना गाडी वळायला कंटाळते. आडव्या निसरड्या उतारावर तर दोन्ही चाकं एकदमच घसरतात आणि अख्खा एक्सल खालच्या बाजूला सरकतो. तिथे लॉक म्हणजे मदत नाही, धोका.

परत कैलाशचंद्रांकडे येऊ. जीपशिवाय त्यांनी देशाची बरीच कामं केली. १९४६ च्या भारतीय कोळसा क्षेत्र समितीचे ते अध्यक्ष होते. १९५३ साली त्यांनी शिक्षणासाठी ट्रस्ट स्थापन केला. त्यातून परदेशात उच्च शिक्षण घेणाऱ्यांना मदत सुरू झाली आणि पुढे पॉलिटेक्निकच्या गरजू मुलांसाठीही शिष्यवृत्ती आली. १९९६ पासून याच ट्रस्टमधून मुलींच्या शिक्षणाचं नन्ही कली हे काम चालू झालं. वडिलांच्या माघारी थोरल्या भावाने भावंडांची शाळा थांबू दिली नाही, त्याची ही परतफेड असावी असं मला वाटतं. १९६३ मध्ये कैलाशचंद्र गेले.

मित्रांनो, या माणसाने जीपचा एकही नट डिझाइन केला नाही. डिझाइन प्रॉब्स्टचं, रूसचं, विलिजचं. कैलाशचंद्रांनी फक्त रस्ता ओळखला. आपला रस्ता कच्चा आहे हे त्यांनी लाज न बाळगता मान्य केलं आणि त्याला शोभेल अशी गाडी शोधली. आपण फायनल इयरला प्रोजेक्टचे विषय शोधतो तेव्हा पुण्या-मुंबईच्या सीनिअर्सच्या फाइली चाळतो. कॉलेजच्या गेटबाहेर तीन-चार किलोमीटरवर एखादी पांदण पावसाळ्यात चार महिने बंद असते, तिकडे कोणी बघत नाही. मेकॅनिकलवाल्यांना तिथे ट्रॅक्शनचा प्रोजेक्ट आहे, सिव्हिलवाल्यांना मातीचा, आणि गावातल्या बायकांना दवाखान्यात वेळेत पोचण्याचा प्रश्न आहे. या पावसाळ्यात माझ्या ग्रुपने अशीच एक पांदण निवडली आहे. टेप, मातीचे नमुने आणि गमबूट घेऊन आम्ही जाणार आहोत. ज्यांना यायचं असेल त्यांनी लेडीज हॉस्टेलच्या नोटीस बोर्डावर नाव लिहावं. बूट मात्र स्वतःचे आणा, काळी माती उधारीवर घेतलेले बूट परत देत नाही!