खाँसाहेबांचा गंधार आणि देवलांची पेटी

किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ हे नाव उच्चारताच रसिकांच्या कानांत तंबोऱ्याच्या झंकारात विरघळणारा, किंचित सानुनासिक आणि अतिशय सुरेल आवाज घुमू लागतो. मात्र या आवाजाची एकेकाळी इंच आणि कंपनसंख्या यांच्या हिशेबात मोजणी झाली होती, ही हकिकत फारशी परिचित नाही.

खाँसाहेबांचा जन्म 1872 साली उत्तरेतील किराणा, म्हणजेच आजचे कैराना, येथे झाला. घराणे गाण्या-बजावण्याचे. सारंगी, बीन, सतार या तंतुवाद्यांवर हात लहानपणीच बसला आणि तारेवर स्वर शोधण्याची ही सवय पुढे गळ्यातही उतरली. तरुणपणी ते बडोदा दरबारात होते. तेथील सरदार घराण्यातील ताराबाई माने यांच्याशी त्यांचे सूर जुळले आणि दोघांनी बडोदा सोडले. सुरेशबाबू माने आणि हिराबाई बडोदेकर ही त्यांचीच अपत्ये. पुढे मिरज हे खाँसाहेबांचे घर झाले.

मिरजेला लागूनच सांगली. तेथे कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर राहत. प्राचीन ग्रंथांतील बावीस श्रुती नेमक्या कोठे आहेत, या प्रश्नाने त्यांना झपाटले होते. ग्रंथ संस्कृतात होते, गणित पाश्चात्त्य ध्वनिशास्त्रात होते. परंतु स्वर मात्र गवयाच्या गळ्यातच होता. तो त्यांना खाँसाहेबांकडे मिळाला. खाँसाहेबांनी स्वर लावायचा, देवलांनी तारेखालची घोडी सरकवून तो जुळवायचा आणि तारेची लांबी मोजायची, असा हा प्रयोग होता. 36 इंचांची तार षड्जाची धरली, तर पंचम 24 इंचांवर, शुद्ध मध्यम 27 वर आणि शुद्ध गंधार 28.8 वर येतो. या परिश्रमांतून 1910 साली देवलांचे हिंदू स्वरसप्तक आणि बावीस श्रुती यांवरील इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले.

खरा पेच होता तो बाजाच्या पेटीचा. विलायती पद्धतीच्या पेटीत सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात. षड्जाची कंपने सेकंदाला 240 मानली, तर तंबोऱ्याशी मिळणारा गंधार 300 कंपनांचा होतो. पेटीचा गंधार मात्र 302.4 च्या आसपास बोलतो. फरक दोन-अडीच कंपनांचाच. पण दोन्ही स्वर एकत्र वाजवले की सेकंदाला तितक्याच वेळा आवाजात थरथर उमटते. खर्जाच्या तारेतून आपोआप उमटणाऱ्या स्वयंभू गंधारावर ज्याचा कान तयार झाला आहे, त्याला ही थरथर असह्य वाटणारच.

आज सिंथेसायझरवर एक आकडा बदलला की पट्टीचा स्वर हवा तितका चढतो-उतरतो आणि आधीच्या स्वराशी तो लगेच ताडून पाहता येतो. त्या काळी पितळी सुराची जीभ टोकाशी घासायची की स्वर चढतो, मुळाशी घासायची की उतरतो. घास जास्त बसला तर पुन्हा पहिल्यापासून आरंभ. देवल आणि सनदी नोकरीतील इंग्रज न्यायाधीश अर्नेस्ट क्लेमेंट्स यांनी बावीस श्रुतींच्या पेटीचा ध्यास घेतला. ती लंडनच्या मूर अँड मूर या कारखान्यात तयार झाली.

मार्च 1916 मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाखाली बडोद्यात पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. तेथे ही पेटी विद्वानांपुढे मांडण्यात आली, पण ती मान्य झाली नाही. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांचा देवल-क्लेमेंट्स यांच्या श्रुतिसिद्धान्ताला ठाम विरोध होता. या वादाची झळ खाँसाहेबांनाही लागली, कारण त्या साऱ्या मोजमापामागे गळा त्यांचा होता. एका गवयाच्या गळ्यावरून शास्त्र सिद्ध करावे काय, ही शंका अगदीच गैर म्हणता येणार नाही. मात्र त्यामुळे त्या गळ्याच्या सुरेलपणाला उणेपणा येत नाही. पेटीची अडचण दुसरीच होती. दरबारी कानड्यातील आंदोलित कोमल गंधार एका जागी थांबतच नाही. मग बावीसच काय, चव्वेचाळीस पट्ट्या केल्या तरी तो कोणत्या पट्टीवर ठेवायचा?

खाँसाहेब या वादात अडकून पडले नाहीत. आर्य संगीत विद्यालय, शिष्यांची तालीम आणि दक्षिणेतील दौरे सुरूच होते. म्हैसूर दरबाराने त्यांना गौरविले. कर्नाटक संगीतातील सरगम त्यांनी आपल्या गायकीत सामावून घेतली. सवाई गंधर्वांसारखा शिष्य त्यांच्या हाताखाली तयार झाला. मैफलीत साथीला पेटी असे, पण तंबोरा जुळल्याखेरीज गाण्याला आरंभ होत नसे. वाद्यदुरुस्तीतही त्यांना उत्तम गती होती. पेटीवरील आक्षेप मात्र त्यांच्या पश्चातही मिटला नाही. 1940 साली ऑल इंडिया रेडिओने हार्मोनिअमवर घातलेली बंदी सुमारे तीन दशके टिकली.

ऑक्टोबर 1937 मध्ये मद्रासहून पाँडिचेरीला जाताना खाँसाहेबांना गाडीतच अस्वस्थ वाटू लागले. सिंगपेरुमलकोइल या लहानशा स्थानकावर ते उतरले. फलाटावरच बिछाना घातला गेला, तंबोरा जुळविण्यात आला आणि त्यांनी दरबारीत प्रार्थना आळविली, असे सांगतात. 27 ऑक्टोबर रोजी तेथेच त्यांची प्राणज्योत मालवली. पार्थिव मिरजेला आणून ख्वाजा शमना मीरा यांच्या दर्ग्याच्या आवारात दफन करण्यात आले. उरुसाच्या वेळी त्यांच्या स्मरणार्थ तेथे गवई हजेरी लावतात.