ऋतूंचा चित्रकार : इसाक लेव्हितान

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या घराजवळ किंवा शाळेच्या वाटेवर एखादे झाड असेलच. ते झाड तुम्ही रोज पाहता. पण भर उन्हाळ्यात ते कसे दिसते, पहिल्या पावसानंतर कसे दिसते आणि थंडीच्या दिवसांत सकाळच्या धुक्यात कसे दिसते, हे तुम्हांला डोळे मिटून सांगता येईल का? बहुतेकांना सांगता येणार नाही. कारण आपण झाडाजवळून जातो, पण झाडाकडे पाहत नाही. रशियात एक चित्रकार असे होऊन गेले, की त्यांनी आयुष्यभर हेच केले. त्यांनी झाडे, नद्या, वाटा आणि आकाश मन लावून पाहिले व रंगवले. त्यांचे नाव इसाक लेव्हितान.

लेव्हितान यांचा जन्म १८६० साली आजच्या लिथुआनिया देशातील किबार्ताय या गावी एका ज्यू कुटुंबात झाला. त्या वेळी हा भाग रशियाच्या राज्यात होता. वडिलांना अनेक भाषा येत. ते भाषा शिकवून आणि लहानमोठी नोकरी करून संसार चालवत. मुलांनी चांगले शिकावे म्हणून १८७० च्या सुमारास हे कुटुंब मॉस्को शहरात आले. १८७३ साली इसाकला मॉस्कोच्या चित्रकला, शिल्पकला व वास्तुकला विद्यालयात प्रवेश मिळाला. परंतु सुख फार दिवस टिकले नाही. १८७५ मध्ये आई वारली. दोन वर्षांनी विषमज्वराने वडीलही गेले. सतरा वर्षांचा इसाक पोरका झाला. राहायला धड घर नव्हते, पोटभर अन्न नव्हते. कधी एखाद्या मित्राकडे, तर कधी विद्यालयाच्याच एखाद्या कोपऱ्यात तो रात्र काढी. त्याची गरिबी आणि हुशारी पाहून विद्यालयाने त्याची फी माफ केली.

या विद्यालयात इसाकला साव्रासोव्ह नावाचे गुरुजी लाभले. निसर्गचित्रे काढण्यात त्यांचा हातखंडा होता. ते विद्यार्थ्यांना चार भिंतींत कोंडून ठेवत नसत. बर्फ वितळू लागले, झाडांना पालवी फुटू लागली, की ते मुलांना शहराबाहेरच्या रानात पाठवत. उंच डोंगर आणि मोठे धबधबे नसले तरी चालेल, आपल्या गावाजवळचे साधे शेत आणि चिखलाची वाटसुद्धा सुंदर असते, हे त्यांनी मुलांना शिकवले. हा धडा इसाक कधीच विसरला नाही.

१८७९ साली रशियाच्या बादशहावर, म्हणजे झारवर, गोळ्या झाडण्यात आल्या. झार बचावला, पण त्यानंतर ज्यू लोकांनी मॉस्को सोडावे असा हुकूम निघाला. विचार करा, अठरा वर्षांच्या या मुलाचा त्या घटनेशी काय संबंध? त्याचा गुन्हा एकच, तो ज्यू घरात जन्मला होता. आपल्या भावंडांबरोबर त्याला शहराबाहेर साल्तिकोव्का या वस्तीत जाऊन राहावे लागले. दुसरा कोणी असता तर खचून गेला असता. इसाकने मात्र हातातला ब्रश खाली ठेवला नाही. त्याच वर्षी त्याने ‘शरद ऋतूतील दिवस, सोकोल्निकी’ हे चित्र रंगवले. उंच झाडांमधून जाणारी एक वाट, वाटेवर पडलेली पिवळी पाने, वर ढगाळलेले आकाश आणि त्या वाटेने एकटीच चालत येणारी काळ्या पोशाखातील एक स्त्री, असे ते चित्र आहे. ही स्त्री लेव्हितान यांनी काढलेली नाही. ती त्यांचे मित्र निकोलाय चेखव्ह यांनी काढून दिली. प्रसिद्ध लेखक आंतोन चेखव्ह यांचे हे भाऊ. पुढच्याच वर्षी त्रेत्याकोव्ह या नामवंत चित्रसंग्राहकाने ते चित्र शंभर रुबलला विकत घेतले. ज्या शहराने त्यांना बाहेर काढले, त्याच शहरातल्या सर्वांत चांगल्या संग्रहात त्यांचे चित्र जाऊन बसले!

पुढे लेव्हितान व्होल्गा नदीच्या काठी गेले. १८८८ ते १८९० या काळात सलग तीन उन्हाळे ते प्लियोस या लहानशा गावात राहिले. रोज कागद, पुठ्ठा आणि रंगांची पेटी घेऊन ते बाहेर पडत. पावसानंतरची ओली घरे, संध्याकाळचे सोनेरी पाणी, नदीवर उतरणारे धुके, असे जे दिसेल ते ते तिथल्या तिथे टिपून घेत. तेव्हा प्लियोसचे नाव फारसे कोणाला ठाऊक नव्हते. लेव्हितान यांच्या चित्रांमुळे ते देशभर झाले. १९७२ साली त्या गावात त्यांच्या नावाचे संग्रहालय उघडण्यात आले.

लेव्हितान बहुतेक चित्रे तैलरंगात काढत. परंतु १८९० नंतरच्या वर्षांत त्यांनी पेस्टलचाही खूप वापर केला. पेस्टल म्हणजे रंगीत खडू. रंगाची बारीक पूड, थोडी खडूची भुकटी आणि थोडा डिंक एकत्र करून त्याच्या कांड्या बनवतात. तुम्ही शाळेत जे तेलकट किंवा मेणाचे खडू वापरता, त्यांपेक्षा हे खडू वेगळे असतात. ते कोरडे आणि मऊ असतात. त्यांना पाणी लागत नाही, तेल लागत नाही आणि रंग वाळण्याची वाट पाहावी लागत नाही. बाहेर बसून चित्र काढणाऱ्याला याचा मोठा फायदा होतो. सूर्य मावळताना आकाशाचा रंग पाहता पाहता बदलतो. तैलरंग मिसळून तयार होईपर्यंत तो रंग निघून जातो. खडू मात्र उचलला की कागदावर फिरवता येतो आणि बोटाने हलकेच पसरवताही येतो. म्हणूनच ढग, धुके आणि ओले गवत पेस्टलमध्ये फार मोहक दिसते. पण या खडूंचा एक दोषही आहे. त्यांची पूड कागदाला घट्ट चिकटत नाही. थोडा धक्का लागला तरी ती झडते. त्यामुळे पेस्टलचे चित्र काचेआड जपावे लागते.

१८९२ साली लेव्हितान यांच्यावर पुन्हा तोच प्रसंग आला. आता ते नावाजलेले चित्रकार होते. तरीही ज्यू म्हणून त्यांना मॉस्कोतून जाण्यास सांगण्यात आले. मित्रांनी खूप खटपट केली, तेव्हा कुठे त्यांना परत येता आले. त्याच वर्षी त्यांनी ‘व्लादिमिरका’ हे चित्र काढले. व्लादिमिरका ही एक सडक होती. कैद्यांना बेड्या घालून याच सडकेने पायी सैबेरियात नेत असत. चित्रात एकही कैदी नाही. आहे ती लांबच लांब जाणारी धुळीची वाट आणि तिच्यावर झुकलेले करडे आकाश. तरीही पाहणाऱ्याचे मन जड होते.

लेव्हितान यांचा स्वभाव हळवा होता. खिन्नता त्यांना वारंवार घेरत असे. परंतु त्यांच्या चित्रांत केवळ दुःख नाही. १८९५ साली त्यांनी ‘मार्च’ आणि ‘सोनेरी शरद’ ही दोन चित्रे काढली. रशियात मार्च महिन्यातही जमिनीवर बर्फ असते. ‘मार्च’ या चित्रात ऊन पडले आहे, बर्फ विरघळू लागले आहे आणि दारासमोर एक घोडा घसरगाडीला जुंपून उभा आहे. बर्फावरच्या सावल्या काळ्या नाहीत, निळ्या आहेत! ‘सोनेरी शरद’मध्ये निळ्या नदीकाठी पांढऱ्या खोडांची बर्च झाडे पिवळ्याधमक पानांनी झगमगत आहेत. दोन्ही चित्रे एकाच परिसरात काढलेली, पण ऋतू बदलला आणि जणू सारा मुलूखच बदलला.

पुढे हृदयविकाराने ते आजारी झाले. तरीही १८९८ मध्ये त्यांनी आपल्याच जुन्या विद्यालयात निसर्गचित्रणाचा वर्ग हाती घेतला. हिवाळ्यात मुलांना बाहेर बसता येत नसे, म्हणून त्यांनी वर्गातच झाडेझुडपे आणवून छोटेसे रान तयार केले.

१८९९ च्या अखेरीस ते याल्टा गावी आंतोन चेखव्ह यांना भेटायला गेले. चेखव्ह क्षयाने आजारी असल्यामुळे गरम हवेच्या त्या समुद्रकाठी राहत. आपल्या भागातील शेते पाहायला मिळत नाहीत, याचे त्यांना वाईट वाटे. लेव्हितान स्वतःही आजारी होते. पण त्यांनी लगेच एक पुठ्ठा मागवला आणि चांदण्या रात्री शेतात उभ्या असलेल्या गवताच्या गंजी आठवणीने रंगवल्या. ते चित्र चेखव्ह यांच्या शेगडीच्या वरच्या कोनाड्यात बसवण्यात आले. समोर गंजी नव्हत्या, पण इतकी वर्षे त्या नीट पाहिलेल्या होत्या.

४ ऑगस्ट १९०० रोजी लेव्हितान यांचे निधन झाले. तेव्हा त्यांना चाळीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. त्यांच्या खोलीत सुमारे चाळीस अपुरी चित्रे आणि जवळजवळ तीनशे रेखाटने सापडली.

मित्रांनो, ज्या भूमीवर राहण्याचा हक्क लेव्हितान यांना दोनदा नाकारला गेला, त्याच भूमीवर त्यांनी मनापासून प्रेम केले. हुकूम काढणाऱ्यांची नावे आज कोणाच्या लक्षात नाहीत. लेव्हितान यांची चित्रे पाहायला मात्र लोक दुरून येतात. आता तुम्हीही एक करून पाहा. घराजवळचे एक झाड निवडा. प्रत्येक ऋतूत त्याच जागी बसून त्याचे चित्र काढा. चित्र चांगले आले नाही तरी हरकत नाही. वर्षाच्या शेवटी ते झाड तुम्हांला खऱ्या अर्थाने ओळखीचे झालेले असेल.

स्वाध्याय

१. साव्रासोव्ह गुरुजींनी मुलांना कोणता धडा शिकवला?
२. बाहेर बसून चित्र काढणाऱ्याला पेस्टलचा कोणता फायदा होतो? पेस्टलचा दोष कोणता?
३. ‘व्लादिमिरका’ या चित्रात एकही कैदी नसताना पाहणाऱ्याचे मन जड का होते? तुमच्या शब्दांत लिहा.
४. तुमच्या परिसरातील एका जागेचे उन्हाळ्यातील व पावसाळ्यातील वर्णन प्रत्येकी पाच वाक्यांत करा.