मुंबईचे फोर्जेटसाहेब

मुंबई शहराच्या पोलीस खात्यास शिस्त लावण्याचे श्रेय ज्या अधिकाऱ्याकडे जाते, ते चार्लस फोर्जेट जन्माने व वाढीने हिंदुस्थानातलेच होते. विलायतेहून नव्याने आलेल्या गोऱ्या अंमलदारास जे वर्षानुवर्षे साधत नसे, ते त्यांस बाळपणापासून अवगत होते. मराठी व हिंदुस्थानी ते एतद्देशीयांप्रमाणे बोलत. सावळा वर्ण व वेषांतराची हातोटी यांची त्यास जोड मिळाल्यावर बाजारातील गर्दीत त्यांस कोण ओळखणार? काही काळ दक्षिण महाराष्ट्राच्या मुलखात पोलिसाचे काम केल्यावर १८५५ साली गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनी त्यांस मुंबईस आणले. पुढे हुद्दा डेप्युटी कमिशनरचा असला, तरी शहराचा बंदोबस्त वस्तुतः त्यांच्याच हाती होता.

खात्यात त्या वेळी लाचखाऊपणा बोकाळलेला होता. साहेबांनी वेष पालटून स्वतःच्याच शिपायांची परीक्षा घेतली व दोषी आढळले त्यांस घरचा रस्ता दाखविला. झाडूवाल्याच्या वेषात ते गव्हर्नरसाहेबांच्या शयनगृहापर्यंत पोचले, अशी एक आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, लोकांस ती खरी वाटत असे, आणि पोलिसाच्या अधिकाऱ्यास तेवढेही पुष्कळ उपयोगी पडते.

त्यांची खरी कसोटी १८५७ साली लागली. लष्करचे ब्रिगेडियर शॉर्ट यांस मोहरमात शहरातील मुसलमानांची धास्ती होती, तर धोका पलटणीतल्या शिपायांपासून आहे, असे फोर्जेटसाहेबांचे ठाम मत होते. आपले गोरे पोलीस शहरभर विखरून ठेवण्याचा हुकूम आपण पाळणार नाही, असे त्यांनी गव्हर्नरांस आधीच सांगून ठेवले. मोहरमच्या शेवटच्या रात्री एका दारूबाज ढोलवाल्याने हिंदूंच्या मिरवणुकीतील मूर्ती पाडली. पोलिसांनी त्यास पकडताच त्याच्या पलटणीच्या शिपायांनी चौकी फोडून त्यास सोडविले. चकमक झाली आणि सारी पलटण हत्यारे घेऊन उठली. साहेब घोडा फेकीत एकटेच पुढे गेले. मागून त्यांचे पन्नासेक स्वार येऊन पोचताच शिपायांचा आवेश ओसरला.

दिवाळीत उठावाचा दुसरा बेत ठरला. शहर लुटून पुण्यास जावे व नानासाहेबांस पेशवे म्हणून जाहीर करावे, असा तो बेत होता. सोनापुरातील गंगाप्रसाद नामक इसमाच्या घरी खलबते चालत. भिंतीस भोके पाडून फोर्जेटसाहेबांनी ती ऐकली व मरीन बटालियनचे मेजर बॅरो यांसही ऐकविली. आपल्याच विश्वासातील माणसांचे आवाज ऐकून बॅरो थक्क झाले. १५ ऑक्टोबर १८५७ रोजी हवालदार सय्यद हुसेन व शिपाई मंगल गडिया या दोघांस एस्प्लनेड मैदानावर तोफेच्या तोंडी देण्यात आले.

येथे लेखणी अडखळते. ज्या भाषेत आपल्या आया-बहिणी ओव्या गातात, तीच भाषा शिकून या गृहस्थांनी आपल्याच माणसांचा माग काढला. त्याच धामधुमीत नाना शंकरशेटांसारख्या थोर पुरुषावरही संशय घेण्यात आला. चौकशीअंती तो निराधार ठरला, हे सुदैवच. उलट, शहर लुटले गेले असते तर होरपळली असती ती मुंबईची गरीब रयतच, हेही नाकारता येत नाही. व्यापारीवर्गाने साहेबांस मानपत्र व मोठी थैली दिली, ती काही केवळ भीतीपोटी नव्हे.

१८६४ साली ते निवृत्त झाले. त्यांच्यामागून आलेले फ्रँक सूटर १८८८ पर्यंत कमिशनर होते. फोर्जेटसाहेब विलायतेत जाऊन राहिले आणि तेथेच १८९० साली वारले. ताडदेवच्या एका रस्त्यास त्यांचे नाव आहे. सय्यद हुसेन व मंगल गडिया यांचा देह जेथे पडला, त्या जागेचा काही भाग आज आझाद मैदान म्हणून ओळखला जातो.